माथेरानमधील वाहनबंदी

माथेरानमधील वाहनबंदी म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील (कर्जत तालुका) माथेरान या गिरिस्थानाच्या नगरपरिषद हद्दीत मोटार वाहनांच्या वाहतुकीवर असलेली कायदेशीर बंदी होय. केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी काढलेल्या अधिसूचनेने माथेरान व परिसर ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून घोषित झाला आणि तोपर्यंत मुख्यतः परंपरेने व स्थानिक नियमांनी चालत आलेल्या या बंदीला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ चा आधार मिळाला. रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहन यांना बंदीतून सूट आहे. हातरिक्षांच्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा आणण्याच्या मागणीमुळे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची येथील प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

पर्यटन-साहित्यात माथेरानचे वर्णन ‘आशियातील एकमेव वाहनमुक्त गिरिस्थान’ असे केले जाते. येथे ‘वाहनमुक्त’ याचा अर्थ ‘मोटारमुक्त’ असाच घ्यावा लागतो. चाके माथेरानला नवी नाहीत. ती आगगाडीला आहेत, हातगाडीला आहेत आणि हातरिक्षेलाही आहेत. प्रश्न नेहमी ती कशाच्या बळावर फिरावीत, हा राहिला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

माथेरान हे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या एका डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. ‘माथ्यावरचे रान’ अशी त्याच्या नावाची फोड सांगितली जाते. डोंगराचा गाभा बेसाल्ट खडकाचा असून माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभा झिजून तयार झालेली तांबडी माती ही माथेरानच्या रस्त्यांची ओळख आहे. पठार चहूबाजूंनी कड्यांनी तुटलेले असल्याने पावसाचे पाणी थोड्या अंतरात मोठ्या वेगाने खाली उतरते. वस्तीला पाणी पुरवणारा शार्लोट तलावही याच पावसावर भरतो. माथ्यावरील दाट झाडीत शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आढळतो.

अशा जमिनीवर वाहने चालू लागली की काय होते, हे समजल्याशिवाय बंदीचे कारण लक्षात येत नाही. चाकाच्या भाराने माती दाबली जाऊन तिच्यातील पोकळ्या मिटतात व पाणी मुरण्याचे प्रमाण घटते. न मुरलेले पाणी चाकोऱ्यांतून वाहू लागते, चाकोरीची घळ होते आणि एका पावसाळ्यात रस्त्याची पातळी खाली जाऊन कडेच्या झाडांची मुळे उघडी पडतात. वाहने मग घळ टाळण्यासाठी कडेने जातात आणि वाट रुंदावत राहते. झाडीतून गेलेल्या कच्च्या वाटांवर वाहने घालण्यास जगभर जो विरोध होतो, त्याच्या मुळाशी हीच क्रिया आहे. अर्थात धूप केवळ चाकांमुळे होते असे नाही. घोड्यांच्या टापांनी माती मोकळी होते, उन्हाळ्यात तिची धूळ उडते आणि पहिल्याच जोरदार सरीत ती वाहून जाते. माथेरानच्या वादात हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

इतिहास

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानकडे युरोपीय लोकांचे लक्ष वेधले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात ते गिरिस्थान म्हणून आकारास आले. त्यापूर्वीही डोंगराच्या उतारांवर ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या होत्या व माथ्यावर जाणाऱ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. ‘शोध’ हा शब्द त्या मर्यादेतच वापरणे योग्य. सुरुवातीचे पाहुणे घोड्यावरून, पालखीतून किंवा चालत वर येत. पुढे हातरिक्षा आल्या.

मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची अरुंदमापी रेल्वे बांधली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या पुढाकाराने झालेला हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९०७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मोटारगाडी सर्वसामान्य होण्याच्या आधीच माथ्यावर यांत्रिक वाहतुकीची सोय झाली आणि त्यामुळे गावाची अंतर्गत रचना मोटारीचा विचार न करता घडली. घरे, बंगले, बाजार आणि निरीक्षणस्थळे (स्थानिक बोलीत ‘पॉइंट’) यांना जोडणाऱ्या वाटा पादचारी व घोडे यांच्या मापाच्या राहिल्या.

नंतर नेरळहून डोंगरावर येणारा मोटाररस्ता झाला, तो मात्र दस्तुरी नाक्यापर्यंतच. खाजगी मोटारी व नेरळहून येणाऱ्या प्रवासी गाड्या येथेच थांबतात. नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच ते तीन किलोमीटरचे अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षेतून किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या रेल्वेच्या शटल फेरीने कापावे लागते. माथेरानच्या वाहनबंदीचा सारा व्यवहार, त्यातील रोजगार आणि भांडणे, या तीन किलोमीटरांवर एकवटलेली आहेत.

२००३ची अधिसूचना

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई, नवी मुंबई व पनवेलचा विस्तार माथेरानच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने माथेरानला वैधानिक संरक्षण मिळावे यासाठी पाठपुरावा केला. महाराष्ट्रात डहाणू (१९९१) आणि महाबळेश्वर-पाचगणी (२००१) या क्षेत्रांना असे संरक्षण आधीच मिळालेले होते. त्याच धर्तीवर २००३ च्या अधिसूचनेने २१४.७३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र व त्याभोवती २०० मीटरचा पट्टा संवेदनशील म्हणून घोषित केला.

अधिसूचनेत विभागीय आराखडा, खाणकाम, वृक्षतोड, भूजल, बांधकामाची उंची, वारसा वास्तू अशा अनेक बाबींच्या तरतुदी आहेत. त्यांपैकी वाहतुकीविषयीची तरतूद अगदी त्रोटक आहे: माथेरान नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन वगळता वाहनांच्या वाहतुकीस परवानगी असणार नाही, घनकचरा वाहून नेण्यासाठी ट्रॅक्टर वापरता येईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या क्षेत्रात अशी सरसकट बंदी नाही आणि तेथील सुट्ट्यांच्या दिवसांतील मोटारींच्या रांगा पाहता दोन्ही ठिकाणांतला फरक सहज दिसतो. अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी सनियंत्रण समितीची व्यवस्था करण्यात आली. रस्ते, बांधकाम किंवा वाहन यांसंबंधीचा माथेरानमधील जवळजवळ प्रत्येक प्रस्ताव तेव्हापासून या समितीपुढे जातो.

तरतुदीत इंधनाचा उल्लेख नाही. २००३ मध्ये बॅटरीवरील तीनचाकी भारतात रूढ नव्हती, त्यामुळे पेट्रोल, डिझेल आणि वीज असा भेद करण्याचे कारणही नव्हते. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षेची व्याख्या समाविष्ट झाली: ४,००० वॅटपेक्षा अधिक शक्ती नसलेले, भाड्याने प्रवासी किंवा माल नेणारे तीनचाकी बॅटरी वाहन. कायद्याने ती ‘वाहन’ ठरली आणि म्हणून धूर नसला तरी माथेरानच्या बंदीत आली.

बंदीचे सामाजिक परिणाम

बंदीमुळे माथेरानला शांतता व पर्यटनमूल्य मिळाले, तसेच काही हजार रहिवाशांवर एक वेगळा भार आला. हॉटेलांचे सामान, धान्य, भाजी, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी, बांधकामाची वाळू या साऱ्या गोष्टी घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावरून जातात आणि त्यांची किंमत त्या प्रमाणात वाढते. शाळेतील मुले व वृद्ध यांना चालण्याला फारसा पर्याय नसतो. रुग्णवाहिकेस सूट असली तरी आजारी नसलेल्या पण चालू न शकणाऱ्या माणसासाठी अधिसूचनेत कोणतीही सोय नव्हती. उतारांवरील आदिवासी वाड्यांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांच्या वाटा पर्यटकांच्या वाटा नसल्याने त्यांवरील चर्चाही कमी होते.

बंदीवर दोन व्यवसाय उभे राहिले: घोडा आणि हातरिक्षा. वृत्तांनुसार माथेरानमध्ये परवानाधारक हातरिक्षा ९४ आणि घोडे सुमारे ४६० आहेत. हातरिक्षा एक जण पुढून ओढतो आणि एक किंवा दोघे मागून ढकलतात. चढावर मागच्यांची, तर उतारावर पुढच्याची कसोटी लागते. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर रिक्षा आवरणे हे जोखमीचे काम आहे. वय वाढले की या व्यवसायात टिकता येत नाही आणि निवृत्तीची कोणतीही व्यवस्था नाही. पर्यावरणाच्या रक्षणासाठी इंजिन नाकारणाऱ्या नियमाने इंजिनाचे काम माणसाच्या छातीवर टाकले, ही विसंगती खुद्द रिक्षाचालकांच्या संघटनेनेच पुढे आणली.

रेल्वेच्या खंडामुळे हा भार कमीअधिक होत राहिला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळ–माथेरान मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर गाडी बंद करण्यात आली, ती संपूर्ण मार्गावर जानेवारी २०१८ मध्ये परतली. २०१९ च्या पावसाने पुन्हा नुकसान केल्यावर नेरळहून थेट गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद होती. या काळात अमन लॉज ते माथेरान ही शटल सेवाच काय ती आधाराला होती आणि ती नसताना सर्व प्रवासी घोडे व हातरिक्षा यांच्याकडे वळत.

ई-रिक्षेचा वाद

हातरिक्षाचालकांनी आपल्या रिक्षांच्या जागी ई-रिक्षा चालवण्याची परवानगी मागितली. सर्वोच्च न्यायालयात हा विषय टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड या १९९५ पासून चालू असलेल्या वनविषयक प्रकरणाच्या अनुषंगाने आला. १२ मे २०२२ रोजी न्यायालयाने प्रायोगिक स्वरूपात ई-रिक्षा चालवून पाहण्यास अनुमती दिली. त्यानुसार ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षा दस्तुरी नाका ते गाव या मार्गावर चालवण्यात आल्या. पर्यटकांबरोबर शाळकरी विद्यार्थ्यांनीही त्यांचा वापर केला. स्थानिकांच्या दृष्टीने हा प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग होता. प्रवासी म्हणून रहिवाशांचा विचार प्रथमच झाला होता.

घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. पहिला आक्षेप उपजीविकेचा होता: रिक्षाचालकाला पर्यायी साधन मिळते, घोडेवाल्याला मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की एकदा काही ई-रिक्षांना वाट मोकळी झाली की संख्या वाढत जाईल आणि अधिसूचना नावापुरती उरेल. हा दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांनीही मांडला. तो निराधार म्हणता येत नाही, कारण महाराष्ट्रातील अनेक पर्यटनस्थळी मर्यादित परवानगीची मर्यादा टिकलेली नाही.

न्यायालयाने मधला मार्ग घेतला. जानेवारी २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या २० पर्यंत मर्यादित करण्यात आली आणि त्या केवळ हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच, त्यांच्या बुडणाऱ्या रोजगाराची भरपाई म्हणून, द्याव्यात असे ठरवण्यात आले. परवाने कोणाला मिळाले यावरून नंतर तक्रारी झाल्या व न्यायालयाला या अटीचा पुनरुच्चार करावा लागला. ९४ परवानाधारक आणि २० वाहने हे गणितच तक्रारींना पुरेसे होते.

फरसबंदीचा प्रश्न

ई-रिक्षेच्या वादाला जोडूनच रस्त्याच्या पृष्ठभागाचा वाद आहे आणि तांत्रिकदृष्ट्या तो अधिक गुंतागुंतीचा आहे. हलकी, कमी शक्तीची ई-रिक्षा घळी पडलेल्या मातीच्या चढावर नीट चालत नाही. तिला टणक रस्ता लागतो. म्हणजे वाहनाला दिलेली परवानगी ही प्रत्यक्षात रस्त्यालाही दिलेली परवानगी असते. दस्तुरी नाक्यापासूनच्या मार्गावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली व फेब्रुवारी २०२३ मध्ये कामाला स्थगिती मिळाली.

समर्थकांच्या मते फरसबंदीमुळे मातीची धूप थांबते, धूळ बसते आणि हातरिक्षा ओढणेही सोपे होते. विरोधकांच्या मते पेव्हरखाली काँक्रीटचा थर दिल्यास पाणी मुरणे बंद होऊन ते कडेने अधिक वेगाने वाहते, घोड्यांच्या टापा गुळगुळीत ब्लॉकवर घसरतात आणि गावाचे मूळ रूप जाते. मातीचे भाजलेले ब्लॉक सांध्यांत मोकळी जागा ठेवून, काँक्रीटच्या थराशिवाय बसवावेत असा पर्याय पुढे आला.

६ ऑगस्ट २०२५चा निकाल

सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही प्रश्नांवर निर्देश दिले. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालू राहणे हे अमानुष आणि राज्यघटनेतील सामाजिक न्यायाच्या अभिवचनाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने नमूद केले. यासाठी १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य या निकालाचा आधार घेण्यात आला. हातरिक्षा टप्प्याटप्प्याने सहा महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या आरंभापर्यंत, बंद करावयाच्या होत्या.

पुनर्वसनासाठी न्यायालयाने गुजरातमधील केवडिया येथील योजनेचा दाखला दिला. तेथे ई-रिक्षा विकत न देता स्थानिकांना भाडेतत्त्वावर चालवण्यास दिल्या जातात. राज्य शासनाने ई-रिक्षा खरेदी करून त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, पात्र व्यक्ती सनियंत्रण समितीने निश्चित कराव्यात, उरलेल्या रिक्षा परिसरातील आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना द्याव्यात, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असे निर्देश होते.

फरसबंदीबाबत दस्तुरी नाका ते गावातील छत्रपती शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर ब्लॉकना अनुमती मिळाली. मात्र त्याखाली काँक्रीटचा थर घालण्यास आणि अंतर्गत रस्ते व पायवाटांवर ब्लॉक बसवण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे बंदीचे स्वरूप बदलले. एक मार्ग नियंत्रित वाहतुकीसाठी खुला आणि बाकीचे रान पूर्वीसारखे बंद, अशी ही विभागणी आहे. वाहनांची वाट पायवाटांकडे सरकणार नाही याची हमी आता अधिसूचनेइतकीच या रेषेच्या पालनावर अवलंबून आहे.

घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न या निर्देशांच्या केंद्रस्थानी नव्हता. त्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, नाक्यावर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन जादा पैसे घेतले जातात या तक्रारीवरून गावात बंद पाळण्यात आला होता. दस्तुरी नाक्यावरील स्पर्धा किती तीव्र आहे हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातील इतर निर्बंध

संवेदनशील सार्वजनिक जमिनींवर वाहने नेण्यास महाराष्ट्रात इतरत्रही मज्जाव आहे. त्यामागची कारणे मात्र निरनिराळी आहेत. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात मोटारी दूर उभ्या कराव्या लागतात, कारण जांभ्यावरील मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही जाड नाही. कोकणच्या किनाऱ्यांवर वाळूत मोटारी पळवण्यास प्रशासन प्रतिबंध करते. तेथे भरतीत गाडी अडकण्याचा धोका असतोच, शिवाय ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूच्या पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर असतात व चाकाखाली ती वरून दिसत नाहीत.

मुंबई उपनगरात हा प्रश्न मौजेच्या गाड्यांचा नसून डंपरचा आहे. देवनार, गोवंडी व मानखुर्द या भागांत ठाणे खाडीला लागून कांदळवनाचा पट्टा आहे आणि त्याच्या शेजारी १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी आहे. बांधकामाचा राडारोडा घेऊन येणारे डंपर चिखलात भराव टाकत वाट करतात. तीच वाट पुढच्या डंपरला आत नेते आणि भरतीचे पाणी अडून पलीकडची झाडे वाळतात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनात व त्याच्या ५० मीटर परिसरात भराव व बांधकामास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवण्यात आला. या प्रकरणातील याचिकाकर्ती संस्थाही बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप हीच होती. खाडीच्या पश्चिम भागाला २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

इतर देशांतील उदाहरणे

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी असून तेथे घोडागाड्या व सायकली चालतात. स्वित्झर्लंडमधील झेर्मॅट गावात खनिज इंधनावरील मोटारींना प्रवेश नाही, परंतु लहान विद्युत वाहने आहेत. माथेरानशी सर्वांत जवळचे उदाहरण इस्तंबूलजवळच्या प्रिन्सेस बेटांचे आहे. घोड्यांच्या हालांवरून उठलेल्या वादानंतर २०२० मध्ये तेथील घोडागाड्या बंद करून विद्युत वाहने आणण्यात आली.

अमेरिकेत केंद्र शासनाच्या मालकीच्या जमिनींवर रस्त्याबाहेर वाहने चालवण्याचा छंद वाढल्यावर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७२ मध्ये कार्यकारी आदेश क्र. ११६४४ काढला. कोणत्या वाटा अशा वाहनांना खुल्या व कोणत्या बंद हे संबंधित खात्यांनी जाहीर करावे, आणि तसे करताना माती, वनस्पती, वन्यजीव व इतर अभ्यागत यांचा विचार करावा, अशी त्याची चौकट होती. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या १९७७ च्या आदेशाने जमिनीची गंभीर हानी होत असल्यास वाट तत्काळ बंद करण्याची जबाबदारी खात्यांवर टाकली. खुल्या वाटा नेमून द्यायच्या आणि इतरत्र बंदी ठेवायची, हे तत्त्व २०२५ च्या निर्देशांनंतर माथेरानमध्येही आले आहे. फरक इतकाच की तेथे वाट छंदासाठी मागितली गेली होती आणि येथे पोटासाठी.